शोकपत्रकावरच्या बाईचा जबाब

मी, वेल्का स्टोयानोवा रुसेवा, वय ६३ वर्षे, धंदा केशकर्तनाचे दुकान, राहणार कोझुहारस्का गल्ली, ब्यालावोदा, बल्गेरिया, पोलीस चौकीत स्वतः हजर राहून विचारल्यावरून जबाब देते की, मी जिवंत आहे. हे वाक्य सर्वांत आधी घ्यावे असे इन्स्पेक्टर दाम्यानोव यांचेच म्हणणे पडले, कारण कालपासून चौकीत याच्या उलट माहिती आलेली आहे.

वरील पत्त्यावर मी एकटी राहते. खाली दुकान, वर घर. पती वारले, मूलबाळ नाही. बहीण एकच, ती डोंगरापलीकडच्या गावी असते. माझ्या शेजारी गिन्का दिमोवा राहतात. या प्रकरणात तक्रारदार त्याच आहेत. माझ्या छपराच्या पन्हळीचे पाणी त्यांच्या मिरच्यांच्या वाफ्यात पडते या कारणावरून आमचे अकरा वर्षे बोलणे नाही. तेव्हापासून त्या आपले केस घरच्या कात्रीने स्वतःच कापतात, आणि ते मला रोज खिडकीतून बघावे लागतात. याहून जास्त त्रास त्यांनी मला दिलेला नाही.

कालपासून चौकीत बसवून ठेवलेली रालित्सा आणि कामेन ही दोघे सोफियात सिनेमाचे शिक्षण घेणारी मुले आहेत. सिनेमा रालित्साचा, कॅमेरा कामेनचा. या सिनेमावरच तिची शेवटची परीक्षा आहे. गुन्हा नोंदला गेला तर संस्था तिचे नाव काढून टाकणार आणि सिनेमाही अर्धाच राहून जाणार, असे तिने मला आत्ताच बाहेरच्या खोलीत सांगितले. सांगताना ती रडली नाही, फक्त माझी बाही धरून होती. म्हणून मी हातचे काही न राखता सांगते.

गेल्या बुधवारी दुपारी ही दोघे माझ्या दुकानात आली. मला वाटले केस कापायला आली, आणि कामेनला त्याची गरजही होती. रालित्सा म्हणाली, "मावशी, आम्हाला तुमचा चेहरा पाहिजे."

मी म्हटले, "वापरलेला आहे. चालेल का?"

ते एक थरारपट करणार आहेत आणि सध्या फक्त त्याच्या पहिल्या दोन मिनिटांची आखणी चालली आहे, असे तिने सांगितले. मला काही कळेना, तेव्हा तिने माझे सामान मागितले. केस गुंडाळायच्या नळ्या फरशीवर दोन ओळींत उभ्या केल्या, ती आमची गल्ली. मोठा कंगवा म्हणजे बस. केसाचा एक आकडा म्हणजे सिनेमातली मुलगी. गिऱ्हाइकाला मान दाखवायचा हातातला आरसा म्हणजे कॅमेरा. मग ही मुलगी चांगल्या कपड्यांनिशी माझ्या फरशीवर पालथी झोपली आणि आरसा सरकवू लागली.

"हं, बघा मावशी. मुलगी बसमध्ये बसलीय. शेजारी एक बाई. बाई तिला ओंजळभर चेरी देते. गोड बाई, तुमच्यासारखी."

"मी गोड आहे असं तुला कोणी सांगितलं? गल्लीत विचारलंस का?"

"मुलगी उतरते. गल्लीतून येते, चेरी खात, बिया थुंकत. दारांवर, खांबांवर, झाडांवर शोकपत्रकं चिकटवलेली. नेहमीसारखी. कॅमेरा त्यांच्याकडे बघत नाही. तीही बघत नाही. आपण तरी कुठं बघतो? आवाज फक्त बुटांचा. ती दाराशी येते, किल्ली काढते. दारावर एक पत्रक आहे, आणि त्यावर फोटो त्या चेरीवाल्या बाईचा. वारून सहा वर्षं झालेली."

कामेन म्हणाला, "आणि इथं चेहरा पडदाभर करायचा, धाडकन संगीत—"

"गप रे. संगीत वाजलं की लोकांना कळतं कुठं घाबरायचं ते. चेहरा मोठा नाही करायचा. तो असतो तेवढाच राहील, कोपऱ्यात. ज्याला दिसेल त्याला दिसेल, तो शेजारच्याला कोपर मारेल. तिच्या आधी प्रेक्षकाला दिसलं पाहिजे, आणि त्याला ओरडून तिला सांगता येत नाही. एवढंच."

आमच्याकडे माणूस गेले की त्याच्या फोटोचे पत्रक दारांवर, खांबांवर लावतात, आणि पुढे वर्षानुवर्षे त्याच्या स्मरणाला पुन्हा लावतात. मी त्या गल्लीत जन्मले, त्याच गल्लीत लग्न केले. ती पत्रके मी विजेच्या मीटरसारखी पाहत आले, म्हणजे पाहिलीच नाहीत. आणि ही कालची पोर माझ्याच नळ्या मांडून मला माझी गल्ली दाखवत होती. मी तिला विचारले, "मग ती बाई भूत आहे का?" ती म्हणाली, "माहीत नाही मावशी. आपली दोन मिनिटं संपली." ती गेल्यावर बराच वेळ मी फरशीवरच्या नळ्या उचलल्या नाहीत. गिऱ्हाईक आले तर त्याला कडेने यायला सांगितले.

मी त्यांना माझा एक जुना फोटो दिला. पत्रकावर 'राडा मिनचेवा' असे खोटे नाव घालायचे ठरले. दोन-तीन पत्रके छापून एका भिंतीवर लावून बघायची, ऊन कसे पडते, चेहरा किती लांबून ओळखू येतो ते तपासायचे, आणि लगेच काढायची, असे रालित्सा म्हणाली. मी हो म्हटले. ही माझी परवानगी होती आणि ती मी आज नाकारत नाही.

शुक्रवारी सकाळी मी बहिणीच्या नातवाच्या बारशाला गेले. दुकान बंद केले, पाटी लावायची राहिली. फोन आरशापाशी चार्जिंगला लावला होता, तो तिथेच राहिला. यापुढचे काही दुसऱ्यांकडून कळलेले आहे, पण क्रमाने सांगते.

शुक्रवारी दुपारी मुले फोटो आणि मजकूर घेऊन मेतोदी यांच्या छापखान्यात गेली. गावातली शोकपत्रके मेतोदीच छापतात. त्यांचे केस मी तीस वर्षे कापते. त्यांनी फोटो पाहिला आणि डोक्यावरची टोपी काढली. मुले सिनेमाचे काही सांगायला लागली, पण मेतोदींनी हात वर करून त्यांना थांबवले. आमच्याकडे वारलेल्या माणसाबद्दल प्रश्न विचारत नाहीत, कामाला लागतात. त्यांना एवढेच दिसले की शहरातली ही पोरे दुःखाने भांबावलेली आहेत आणि बिचाऱ्यांनी नावसुद्धा चुकीचे लिहून आणले आहे. ते म्हणाले, "जा बाळांनो, काही खा. लावायचंही मी बघतो."

त्यांनी चूक दुरुस्त केली. माझे नाव घातले, माझे वय घातले, तारीख त्याच दिवसाची घातली. खाली स्वतःच्या मनाने एक ओळ घातली: 'आमची डोकी जिने सरळ ठेवली.' अंत्यविधीची वेळ मागाहून कळेल असेही छापले. दोन-तीन छापायची होती ती त्यांनी मोठा गठ्ठा छापला, आणि संध्याकाळी स्वतः खळ आणि ब्रश घेऊन निघाले. कोझुहारस्का गल्ली, बसथांबा, बेकरी, चर्चचे फाटक, मंडईतले मोठे झाड. मेतोदी यांच्यावर कोणी ठपका ठेवू नये. त्यांनी माझ्यासाठी जे केले ते मी मेल्यावरही त्यांनी असेच करावे अशी माझी इच्छा आहे.

दुकान पाटीशिवाय बंद, वर शनिवार. तो मी कधी बंद ठेवत नाही. आतून फोन वाजतो आणि कोणी उचलत नाही. लोकांना आणखी पुरावा तो काय हवा? मी बहिणीकडे गेल्याचे बेकरीवाल्याला माहीत होते, म्हणजे तिथेच वारली असणार असे ठरले. बहिणीचा नंबर फक्त माझ्या फोनमध्ये होता.

शनिवारी सकाळी मुले उठून बघतात तो सगळीकडे मी. रालित्साने मला सांगितले, "मावशी, पाच मिनिटं मला खरंच वाटलं की तुम्ही रात्री गेलात. भिंतीला धरून उभी राहिले." मग पत्रकावरचा फोटो आपणच छापायला दिलेला हे ध्यानात आल्यावर दोघे धावत सुटली आणि बसथांब्यावरची पत्रके फाडू लागली. दारावरचे, खांबावरचे पत्रक आमच्यात कोणी फाडत नाही. पाऊस नेईल, ऊन नेईल, माणसाने हात लावायचा नाही. मंडईतून येणाऱ्या बायकांनी हे पाहिले आणि भाजीच्या पिशव्यांनी त्यांना झोडपले.

रालित्सा ओरडत होती, "अहो, वेल्का मावशी जिवंत आहे!"

एक बाई म्हणाली, "देवापाशी सगळेच जिवंत असतात, बाई. पण तू कागद फाडू नकोस."

दोघांना बेकरीच्या पिठाच्या कोठीत कोंडले आणि चौकीत कळवले. साहेबांनीही त्यांचे म्हणणे खरे धरले नाही. साहेबांना दोष नाही. माझ्या दाराशी जी पांढरी फुले सापडली त्यांत त्यांचाही गुच्छ होता, हे त्यांनी आत्ता लिहिता लिहिता कबूल केले.

आज, रविवारी, मी दुपारच्या बसने परत आले. बहिणीने बागेतल्या चेरी दिल्या होत्या, पिशवी मांडीवर होती. बसथांब्यावर उतरले तर समोर खांबावर मी. खरे सांगते, मला क्षणभरही भीती वाटली नाही. मला वाटले, सिनेमा सुरू झाला. पुढे बेकरीच्या दारावर मी, फाटकावर मी, घराघरावर मी. वर माझे खरे नाव! मनात म्हटले, पोरीने शेवटच्या क्षणी बदल केला आणि काय अक्कल चालवली! माझी छाती अभिमानाने भरून आली. कॅमेरा कुठे दिसेना, तो दिसू नये असाच ठेवतात हे मला माहीत होते. म्हणून मी सावकाश चालले, पत्रकांकडे बघितले नाही, आणि एक चेरी तोंडात टाकली.

माझ्या दाराशी निम्मे गाव उभे होते. काळे कपडे, हातात मेणबत्त्या, ताटलीत गेलेल्याच्या नावाने वाटायचे, साखर घातलेले उकडलेले गहू. सगळ्यांच्या पाठी माझ्याकडे. मी मागे जाऊन उभी राहिले. एवढी माणसे या दोन पोरांनी कशी जमवली, आणि फुकट, याचे मला फार नवल वाटले. लोक एकेक करून बोलत होते. कोणाच्या मुलीला मी लग्नात सजवले होते. कोणाच्या म्हाताऱ्या आईचे केस मी ती अंथरुणाला खिळल्यावर घरी जाऊन कापत असे. शाळेतले मास्तर म्हणाले, "माझं टक्कल तिनं अशा रीतीनं झाकलं की मला स्वतःलासुद्धा वीस वर्षं कळलं नाही." मला हसू आवरेना. हे संवाद कोणी लिहिले असतील असा मी विचार करत होते.

मग गिन्का पुढे आली. कापलेले केस एका बाजूला वर, एका बाजूला खाली. हातात मेणबत्ती. तिने घसा खाकरला.

"अकरा वर्षं हिच्या पन्हळीचं पाणी माझ्या मिरच्यांत पडतंय," ती म्हणाली. "अकरा वर्षं माझ्या मिरच्या गल्लीत सगळ्यांत चांगल्या येतात. त्या पाण्यानंच येतात. मला पहिल्याच वर्षी कळलं होतं. मी तिला बोलले नाही, म्हटलं बोलले तर ही पन्हळ वळवेल. आणि रोज सकाळी ही खिडकी उघडायची तो आवाज आला की मी चहा ठेवायचे. आता मी चहा कधी ठेवू, ते सांगा कोणीतरी."

 गिन्काला टोमॅटोच्या भावातसुद्धा खोटे बोलता येत नाही, आणि तिने इतका सुंदर अभिनय करावा! माझ्याने राहवले नाही. मी टाळ्या वाजवल्या.

सगळे वळले. बेकरीवाल्याच्या हातून गव्हाची ताटली पडली. मास्तर भिंतीला टेकून खाली बसले. कोणी ओरडले नाही, आणि तेव्हा मला कळले की हा सिनेमा नाही. एवढ्या माणसांनी एकाच वेळी श्वास रोखलेला मी आयुष्यात ऐकला नव्हता. ऐकणे म्हणजे काही ऐकू न येणे, पण ते मी ऐकले. मी मेल्यावर माझ्या दाराशी काय असणार ते मी माझ्या डोळ्यांनी पाहत होते. ते पाहायला कोणालाच मिळत नाही, मला मिळाले. तोंडातली चेरीची बी मी गिळली, कारण तिथे थुंकणे बरे दिसले नसते.

गिन्का माझ्यापर्यंत आली. आधी तिने माझ्या गालाला नुसता हात लावून पाहिला. दुसऱ्यांदा लावला तो जोरात लावला. मग मेणबत्ती माझ्या हातात देऊन ती तडक चौकीत आली आणि तिने या मुलांविरुद्ध तक्रार दिली. थापडीबाबत माझी काही तक्रार नाही.

मेतोदींनी जागच्या जागी हात जोडून सगळा उलगडा केला. पत्रके काढायला कोणी तयार होईना. पोलीस शिपाई आला, तोही पुढे हात करीना. शेवटी पाद्रीबाबा म्हणाले, ज्याचे त्याने काढले तर चालावे. म्हणून मी स्वतः काढायला लागले. माझ्या दारावरचे काढले, पुढच्या दोन खांबांवरचे काढले, आणि गिन्काच्या दाराशी आले. तिच्या दारावर माझे पत्रक होते, चारी कोपऱ्यांना नीट चिकटवलेले, आणि त्यावर काळी फीत. फीत आमच्यात घरातले माणूस गेले तरच लावतात. मी मेतोदींना विचारले, "हे पण तुम्हीच?" ते म्हणाले, "नाही. या दारावर लावायची माझी काय हिंमत? ती शनिवारी पहाटे छापखान्यात आली, एक मागून घेतलं आणि काही न बोलता गेली."

त्या पत्रकाला मी हात लावला नाही.  

त्यानंतर मी मुलांना सोडवायला इथे आले. साहेबांनी मला समजावून सांगितले की, गिन्का दिमोवा यांची तक्रार मृताच्या घरचे माणूस या नात्याने भावना दुखावल्याची आहे. त्या माझ्या कोणी लागत नाहीत एवढे एक वाक्य मी लिहून दिले, तर तक्रारीला आधार राहत नाही, कागद इथेच बंद होतो आणि मुले आज संध्याकाळच्या गाडीने सोफियाला जाऊ शकतात. साहेब म्हणाले, "मावशी, खरंच तर आहे ते. रक्ताचं नातं नाही, सोयरीक नाही. लिहू?"

बाहेरच्या खोलीचे दार उघडे होते. एका बाकावर रालित्सा आणि कामेन, अजून केसांत पीठ. समोरच्या बाकावर गिन्का, पर्स मांडीवर घट्ट धरून, भिंतीकडे बघत. दोन्ही बाकांवर ऐकू जात होते. मला त्या पोरीची फरशीवर पालथी पडलेली पाठ आठवत होती. तिचे काम मोडू नये असे मला मनापासून वाटत होते, अजूनही वाटते. एका वाक्याचा प्रश्न होता.

मी म्हटले, "साहेब, लिहा. तक्रारदार गिन्का दिमोवा ही माझ्या घरची आहे."

साहेबांनी पेन खाली ठेवले. "मग गुन्हा नोंदवावा लागेल, मावशी."

"तर तो माझ्यावर नोंदवा. चेहरा माझा, परवानगी माझी, पाटी न लावता गावाला गेले ती मी. पण ती माझी कोणी नाही असं माझ्या तोंडून लिहून घेऊ नका. मला ते येणार नाही."

रालित्साने डोळे मिटून घेतले, पण मान डोलावून 'बरोबर आहे' असे मला म्हणाली. बावीस वर्षांची पोर. मी तिच्यापुढे लहान झाले.

तेव्हा गिन्का बाकावरून उठली आणि दारात येऊन उभी राहिली. माझ्याकडे न बघता साहेबांना म्हणाली, "घरचं भांडण चौकीत कशाला लिहिताय? पेन ठेवलंयत ना, मग तसंच ठेवा. माझी तक्रार मागे. पोरांना खायला द्या काहीतरी, किती वाळलीत." तिने तक्रार मागे घेतल्याची सही साहेबांसमोर केलेली आहे. मुलांची सुटका झाली आहे आणि त्यांचा कॅमेरा त्यांना परत मिळाला आहे.

बाकावर परत जाता जाता ती माझ्याशी बोलली. अकरा वर्षांनंतरचे बोलणे म्हणून ते जसेच्या तसे नोंदवावे.

"माझ्या दारावरचा कागद मी काढणार नाही. गेलेल्याचे चाळीस दिवस पाळायचे म्हणजे चाळीस दिवस. मेणबत्तीही लावणार. मी देवाला शब्द दिलाय."

मी म्हटले, "अगं, पण मी जिवंत आहे."

"ते तुझं तू बघ," ती म्हणाली, "आणि उद्या सकाळी कात्री घेऊन ये."

वरील जबाब इन्स्पेक्टर दाम्यानोव यांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. दोन्ही बाकांवरच्यांनीही तो ऐकला आणि कोणी हरकत घेतली नाही. मी सांगितले तसाच तो लिहिला आहे व खरा आहे. त्यात जिथे जिथे मृत असा उल्लेख आला आहे, तिथे खाली सही करणारी मीच समजावी.

(सही) वेल्का स्टोयानोवा रुसेवा